पत्रिकांवर गोळ्या झाडणाऱ्या बाई

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी जैबुन शिकलगार यांचं नाव घेतो. आई-वडिलांच्याही आधी. आईला हे ठाऊक आहे आणि तिला त्याचं वाईट वाटत नाही. ती म्हणते, "आमी तुला जलम दिला, पर कामाला त्या बाईनं लावलं."

कोरेगाव तालुक्यातलं आमचं गाव. घरात ऊस, दोन चुलते फौजेत, आणि पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. साताऱ्याला बी.एस्सी. केलं, पुढे न्यायसहायक विज्ञानाचा अभ्यास केला आणि सांगली जिल्ह्यातल्या एका सरकारी प्रयोगशाळेत, शस्त्र विभागात, कनिष्ठ सहायक म्हणून लागलो. विभागाच्या प्रमुख शिकलगार बाई. कागदावर त्या मॅडम होत्या, पण शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना बाईच म्हणत.

ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई. सलवार-कमीजवर खाकी कोट, चष्म्याला दोरी, कोटाच्या खिशात स्टीलची फूटपट्टी आणि तोंडात कायम लवंग. माणसाच्या अंगात गोळी कुठून शिरली, आत काय काय फोडलं आणि कुठून निघाली, हे त्या लवंग चघळत सांगायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात एक कवटी ठेवली. मागून छोटं भोक होतं आणि पुढून अर्धं कपाळ नव्हतं.

"कुठनं शिरली?"

मी म्हणालो, पुढून. मोठं भोक पाहून कुणीही तेच म्हटलं असतं. बाईंनी कवटी परत घेतली, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "दार उघडून आत येतोस आणि जाताना भित्ताड पाडून जातोस, तर तू कुठनं आलास म्हनायचं?"

ती फूटपट्टी मोजायला कमी आणि मारायला जास्त होती. एकदा एक हवालदार मृताचा सदरा घेऊन आला. पाठीवर गोळीचं भोक होतं. "ह्ये बघा, हितनं गेली," असं म्हणत त्यानं त्या भोकात अंगठा घातला. बाईंनी पट्टीची कड त्याच्या मनगटावर अशी हाणली की कातडी फाटून रक्त आलं. तो ओरडला, "बाई, वर्दीवर हात टाकता?"

"वर्दीवर न्हाई, हातावर टाकला. त्या भोकाच्या कडंला काळी रेघ होती. ती आता तुझ्या अंगठ्याला हाय. बस तिथं. अंगठा जमा करून घेते."

आणि खरोखर त्याच्या अंगठ्याला कापूस फिरवून तो नमुना त्यांनी पाकिटात भरला. हवालदार जाईपर्यंत आम्ही कुणी हसलो नाही.

मी कामात मंद होतो. इंग्रजी अहवाल लिहायला मला दुपार जायची. बरोबरीचा एक जण पुण्याहून आलेला होता, तो तेच काम चहाच्या आत करायचा. एकदा साहेबांनी माझी बदली भांडारात करायचं ठरवलं. बाईंनी मला समोर बसवलं आणि टेबलाच्या खणातून लाकडी भोवरा काढला. मिरजेच्या बाजारात मिळतो तसा, तळाला लोखंडी आर असलेला. दोरीची जाळी गुंडाळून त्यांनी तो टेबलावर सोडला.

"बघ. जोरात फिरतोय तवर सरळ उभा हाय. आता फिरकी कमी झाली. डोकं हलाय लागलं. आता झोकांडला. आता पडला. गोळीचं असंच हाय. नळीच्या आत पिळाच्या खाचा असत्यात, त्या गोळीला फिरकी देत्यात. फिरकी पुरली तर नाक पुढं ठिवून जाती. न्हाई पुरली तर झोकांडती." मग माझ्याकडं बोट करून म्हणाल्या, "तू हळू हायस. हळू असनं वाईट न्हाई. हळू असून झोकांडनं वाईट. रोज सकाळी एक जुना अहवाल हातानं उतरवून काढायचा. साहेबांचं मी बघते."

साहेबांशी त्या काय बोलल्या, मला ठाऊक नाही. पण भांडार टळलं. त्या उतरवलेल्या अहवालांच्या जोरावर मी आज उभा आहे.

पण बाईंची ओळख जिल्हाभर झाली ती लग्नपत्रिकांमुळे.

गोळी हवेत सरळ जाते की डोलते, हे पाहायला तिच्या वाटेत ठरावीक अंतरावर जाड कागद टांगतात. सरळ गेली तर गोल भोक, तिरकी गेली तर लांबट. सरकारी कागद पातळ यायचा, गोळीनं चिरफळायचा. बाईंनी एकदा घरातली जुनी लग्नपत्रिका टांगून पाहिली. भोक पंचिंग मशीननं पाडल्यासारखं स्वच्छ आलं. तेव्हापासून त्या पत्रिका गोळा करत. कोर्टातले कारकून, भाजीवाल्या, पोलीस, सगळे लग्नसराई संपली की गठ्ठे आणून द्यायचे. आमच्या गोळीबाराच्या शेडमध्ये तारेवर कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी ओळीनं पत्रिका टांगलेल्या असत.

याला नियम होता. टांगण्याआधी प्रत्येक पत्रिकेवरचं गणपतीचं चित्र कात्रीनं कापून काढायचं. मुसलमानाची पत्रिका असेल तर वरची बिस्मिल्लाची ओळ कापायची. सगळे तुकडे एकाच बिस्किटांच्या डब्यात. वर्षातून एकदा आमचे शिपाई मारुतीमामा तो डबा कृष्णेत सोडून यायचे. नावं मात्र तशीच ठेवायची. मी एकदा विचारलं, नावंही कापली तर? बाई म्हणाल्या, "मग उरलं काय? कोरा कागद. कोऱ्या कागदावर गोळी मारली की मान्साला वाटाय लागतं, आपुन कागदावरच मारतोय."

मारुतीमामांच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा ते पत्रिका घेऊन आले आणि दारातच थांबले.

"बाई, पत्रिका देतोय. पर तारंवर टांगलीसा तर बघा. नोकरी गेली तरी चालंल, शेडला आग लावीन."

"आवं मामा, आना हिकडं." बाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली, टेबलाची काच उचलली आणि तिच्याखाली सरकवली. "ही हितं ऱ्हाईल. मी रिटायर होईस्तवर."

त्यानंतर जी पत्रिका प्रेमानं आली ती काचेखाली गेली, आणि रद्दीतून आलेली तारेवर. आम्ही सगळे हा फरक ओळखून होतो.

आता लिंबाजीच्या खटल्याचं सांगतो. बाईंचं सगळं त्यात आलं.

कोरेगाव तालुक्यात उसाची तोड चालू होती. भरदुपारी, तोडकऱ्यांची टोळी फडात असताना, उत्तम नावाचा वाळूचा धंदा करणारा माणूस गाडीवाटेवर मरून पडला. मानेची डावी बाजू उघडली होती. हातभर अंतरावर टोळीतल्या लिंबाजीची बैलगाडी उभी होती, तिच्या बाजूच्या फळ्यांवर रक्ताचा सडा पडलेला. बंदुकीचा आवाज कुणी ऐकला नव्हता. अंगात गोळी नव्हती. शवविच्छेदनात लिहिलं, धारदार व अणकुचीदार हत्यार. आदल्याच दिवशी उत्तमच्या डंपरनं लिंबाजीचा बैल जखमी केला होता आणि लिंबाजी सगळ्या फडासमोर ओरडला होता, "कोयत्यानं मान उडवीन तुही." त्याच्या हातात कोयता होताच. उसाच्या फडात मान कापलेला माणूस सापडला की आमच्याकडं कुणीही कोयताच म्हणेल. मीही म्हणालो असतो. पोलिसांनी लिंबाजीला उचललं आणि तिसऱ्या दिवशी त्यानं मॅजिस्ट्रेटसमोर गुन्हा कबूल केला.

आमच्या विभागाचा या खटल्याशी संबंधच नव्हता. सदरा आणि कोयता रक्तगट तपासायला शेजारच्या विभागात आले होते. बाई तिथं चहाला गेल्या होत्या. टेबलावर सदरा पसरलेला होता. त्या कप हातात घेऊन उभ्याच राहिल्या. मग मला हाक मारली.

"दत्त्या, कॉलर बघ."

कॉलरला बोटाच्या पेराएवढी आडवी चीर होती. एका टोकाला निमुळती, दुसऱ्या टोकाला सपाट.

"कोयत्यानं काय हुतं?"

"कापतं."

"ह्ये कापलंय?"

मी वाकून पाहिलं. धागे कापलेले नव्हते. आत दबून तुटले होते. चिरीच्या कडेनं राखाडी पट्टा होता, बारीक, सगळीकडून सारखा.

"ह्ये छापलंय," बाई म्हणाल्या. "गोळी आडवी झोपून गेलीया ह्याच्यातनं. नाक हिकडं, बूड तिकडं."

तो राखाडी पट्टा शिशाचा निघाला. त्याच आठवड्यात बाईंनी पत्र काढून घटनास्थळ पाहायची परवानगी मिळवली. तपास करणारे इन्स्पेक्टर बरोबर आले, पण नाखुशीनं. "मॅडम, कबुली झालीय. कशाला ऊन खाता?"

फड तोडून झाला होता. टोळी पुढच्या शेतात गेली होती. लिंबाजीची बायको सुमन पाचटाच्या झोपडीसमोर, त्यांच्या कोपीसमोर, बसलेली होती. टोळीनं तिला टाकलं नव्हतं, पण तिच्याशी कुणी बोलतही नव्हतं. बाई तिच्यासमोर जमिनीवरच बसल्या.

"त्याला बघितलंस?"

"बघितलं बाई. हात मागून बांधून लटकावलं व्हतं. खांदा निखळलाय. तळपाय फुटलेत, उभा ऱ्हात नव्हता. म्हनला आसंल मीच केलं. दगडानंबी म्हनलं आसतं."

इन्स्पेक्टर दुसरीकडं पाहू लागले.

"त्या वक्ताला आवाज आला का काही?"

"बंदुकीचा न्हाई आला. मोळी आपटल्यावानी आला. म्या मनलं, कुणी तरी गाडीत मोळी टाकली. मागं बघितलं तर गाडीपाशी मोळी न्हवती, मानूस व्हता."

"ह्ये पोलिसांना सांगितलंस?"

"सांगितलं. ते मनले, मोळीनं मान कापत न्हाई."

बाई उठल्या आणि सरळ गाडीकडं गेल्या. बैलाविना ती कोपीमागं उभी होती. फळ्यांवरचं रक्त वाळून काळं झालं होतं. बाईंनी चष्मा कपाळावर सारला आणि बोटांनी एकेक फळी चाचपली. एका फळीत, रक्ताच्या खपलीखाली, कॉलरवर होती तशीच आडवी खोबण होती. आत शिसं चमकत होतं. लांब, जड गोळी, कुशीवर झोपलेली. लिंबाजीला सोडवणारी वस्तू लिंबाजीच्याच गाडीत होती आणि सुमन रोज तिच्या सावलीत पोरांना निजवत होती.

फळी कापून आणली. गोळी काढली. तिच्या एका कुशीवर खरवडल्याची खूण होती, जणू ती कशाला तरी घासून आली होती. बाईंनी अहवाल लिहिला की ही जखम कोयत्याची नाही, गोळीची आहे. आवाज दाबणारी नळी लावलेल्या बंदुकीतून मुद्दाम हळू सोडलेल्या गोळीची. तसली बंदूक शोधावी.

अहवाल गेला आणि आठवडाभरात बाईंना फोन येऊ लागले. आधी विनंतीचे, मग शिव्यांचे. बाई फोन कानाला लावून लवंग चघळत ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "झालं का? आता ठिवते."

शिकलगार म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या हत्यारांना धार लावणारे लोक. बाईंच्या मिरजेच्या घरासमोर वडिलांचं पायानं फिरवायचं धारेचं चाक अजून होतं. दर रविवारी सकाळी बाई त्यावर बसत आणि गल्लीतल्या बायका विळ्या, सुऱ्या, अडकित्ते घेऊन येत. मी एका रविवारी पत्रिकांचा गठ्ठा द्यायला गेलो होतो. समोर खाटकाच्या दुकानातल्या सुऱ्या धार लावून ओळीनं ठेवलेल्या होत्या. मोटरसायकलवरून दोघं आले. एकाच्या हातात नवाकोरा कोयता.

"बाई, धार लावा ह्याला."

बाईंनी कोयता उलटसुलट केला. "नव्या कोयत्याला धार कशाला रं?"

"लावा की. आणि कागदावर बी लिवा, कोयत्यानंच झालंय म्हणून. म्हातारपनात शानपना बरा न्हवं."

"बरं, देते लावून," असं म्हणत बाईंनी कोयता चाकावर टेकवला तेवढ्यात मागच्यानं पोत्यातून लोखंडी पाइप काढला आणि त्यांच्या उजव्या हातावर घातला. हात चाकाच्या दगडावर होता. हाड मोडल्याचा आवाज मला गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेल्यासारखा वाटला. त्यानं दुसऱ्यांदा पाइप उचलला. बाईंनी डाव्या हातानं ओळीतली खाटकाची सुरी उचलली आणि बसल्या जागेवरून त्याचा गाल कानापासून ओठापर्यंत उघडला. तो गाल धरून खाली बसला. त्याच्या बोटांमधून दात दिसत होते.

मला तेवढंच सुचलं, मी मोटरसायकलची किल्ली काढून गटारात टाकली. मग गल्ली धावून आली. खाटीक, बायका, मशिदीतून निघालेली माणसं. त्यांनी त्या दोघांना असं मारलं की पोलीस आले तेव्हा पोलिसांना त्यांना वाचवावं लागलं. कोयतेवाल्याचा एक डोळा गेला. मी हे समर्थन म्हणून लिहीत नाही. झालं ते असं झालं. बाई मात्र चाकाला पाठ टेकून बसल्या होत्या आणि मोडलेला हात मांडीवर घेऊन ओरडत होत्या, "जिते ठिवा रं! बोलायला जिते ठिवा!"

जिवंत राहिले म्हणून ते बोलले. त्यांना उत्तमच्या वाळूच्या धंद्यातल्या भागीदारानं पाठवलं होतं. भागीदाराच्या विहिरीतून बंदूक निघाली आणि तिच्या तोंडावर बसवायची नळीही. त्या नळीच्या पुढच्या तोंडाला आतून चंद्रकोरीसारखा घास निघालेला होता. आमच्या गोळीच्या कुशीवरची खूण त्यात बसली.

दवाखान्यात बाईंच्या हाताला प्लास्टर होतं. मी संत्री सोलून देत होतो. एकाएकी त्या बोलायला लागल्या. त्याआधी आणि त्यानंतर त्यांनी ही गोष्ट कधी काढली नाही.

"आमच्या अब्बांना चौकीवर न्ह्यायचे. गावात कुठं बी सुरी चालली की पैल्यांदा शिकलगार. धार कुनी लावली? एकदा एका पैलवानाचा मुडदा पडला. सुरीवरची धार अब्बांची हुती, त्यांनी बघताच वळखली. खरं बोलले. तीन दिवस ठिवलं. मी आनि अम्मी भाईर पायरीवर. आत मारताना ते वरडत न्हवते, येवढंच म्हनत हुते, धार माझी हाय, वार माझा न्हाई. धार माझी हाय, वार माझा न्हाई. घरी आले, पर नंतर चाकावर नीट बसता आलं न्हाई. कंबर गेली." मग संत्र्याची फोड तोंडात टाकून म्हणाल्या, "ही आंबट हाय. दुसरं सोल."

खटला साताऱ्याच्या सत्र न्यायालयात उभा राहिला. भागीदाराच्या वकिलांचा सगळा भर एकाच मुद्द्यावर होता: गोळी आडवी जात नसते, त्यामुळं ही जखम गोळीची नाही, कोयत्याचीच, आणि कोयता चालवणारा लिंबाजी कबूल झालेला आहे. तो मुद्दा मान्य झाला असता तर लिंबाजी जन्मठेपेला गेला असता. तो आरोपीच्या पिंजऱ्यात भागीदाराच्या शेजारीच उभा होता, म्हणजे कठड्याला धरून लोंबत होता. सुमन मागच्या बाकावर दोन पोरांना घेऊन.

चाचणी आम्ही आधीच केली होती. बाईंच्या दोन बोटांची घडी आता होत नव्हती, म्हणून विहिरीतून निघालेल्या त्या बंदुकीतून गोळी मी झाडली आणि बाई मागं उभ्या राहिल्या. त्या वेळच्या पत्रिका सीलबंद पाकिटातून निघाल्या आणि बाईंनी न्यायाधीशांच्या टेबलावर ओळीनं मांडल्या. पहिलीवर जवळपास गोल भोक. दुसरीवर अंड्यासारखं. तिसरीवर अख्खी गोळी कुशीवर, नाक एकीकडं आणि बूड दुसरीकडं.

न्यायाधीशांनी तिसरी उचलून उजेडात धरली. वधूच्या नावातून खिडकी दिसत होती.

वकील उठले. "या लग्नपत्रिका आहेत?"

"जी."

"न्यायालयाची थट्टा चाललीय का?"

"साहेब, कागद जाड असतो, सरळ फाटतो आणि प्रत्येक घरात पडून असतो. यात थट्टा कुठली?"

"गोळी सरळ जात नाही, हा शोध आपलाच का?"

बाईंनी खिशातून भोवरा काढला. तो घेऊन आल्यात हे मलाही ठाऊक नव्हतं. पण डाव्या हातानं जाळी गुंडाळता येईना. त्यांनी तो तसाच टेबलावर ठेवला आणि बोलू लागल्या. कोर्टात त्या पुस्तकी मराठी बोलत.

"गोळी आवाजापेक्षा वेगानं गेली की हवेत चाबकासारखी वाजते. बंदुकीच्या तोंडाला काहीही लावा, तो चाबूक दाबला जात नाही. म्हणून लपून मारणारा गोळी हळू सोडतो. हळू गोळीनं मरायला तर पाहिजे, म्हणून ती जड करतो. जड गोळी लांब होते. लांब भोवऱ्याला उभं राहायला जास्त फिरकी लागते. ही बंदूक वेगवान, आखूड गोळीसाठी केलेली. त्यात लांब गोळी हळू सोडली. फिरकी जास्त हवी होती, मिळाली कमी. गोळी तोंडाशीच डोलायला लागली, आवाज दाबणाऱ्या नळीला घासली आणि तिथून झोकांडत गेली. मारणाऱ्यानं आवाजाचा विचार केला. गोळीचा केला नाही."

मग त्यांनी सदऱ्याची कॉलर मागितली आणि तिसऱ्या पत्रिकेवर ठेवली. चिरीवर चीर बसली.

वकिलांनी शेवटचं विचारलं, बहुधा चिडून. "लग्न झालेल्या मुलीच्या नावावर गोळी झाडताना आपल्याला काही वाटलं नाही?"

"वाटलं. म्हणून देव आधी कापून ठेवले," बाई म्हणाल्या. "नाव ठेवलं. जो मेला त्यालाही नाव होतं. आणि जो दुसऱ्याच्या जागी आत सडतोय त्यालाही आहे."

लिंबाजी सुटला. भागीदाराला शिक्षा झाली. कोर्टानं जप्त मालातला कोयता लिंबाजीला परत दिला, आणि तो घेऊन नवरा-बायको आमच्या प्रयोगशाळेत आले. लिंबाजी पाय घासत चालत होता. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. तो बाईंच्या पायाशी वाकू लागला तसा बाईंनी आवाज चढवला.

"ऊठ! ह्ये असलं हितं न्हाई चालायचं. कोयता दे."

वर्षभर पाकिटात राहून कोयत्यावर गंज चढला होता. बाईंनी तो घरी नेला, आणि आम्हालाही मागोमाग नेलं. चाक मी फिरवलं, कोयता त्यांनी डाव्या हातानं धरला. मोडक्या दोन बोटांनी नुसता टेकवून आधार दिला. ठिणग्या उडून त्यांच्या कमीजवर पडत होत्या. धार अंगठ्यावर तपासून त्यांनी कोयता लिंबाजीपुढं धरला. लिंबाजीनं हात पुढं केला, उचलायला गेला आणि खांद्यातून कळ येऊन त्याचं तोंड वाकडं झालं. कोयता खाली पडला.

मग सुमननं तो उचलला, पदरानं पुसला आणि म्हणाली, "माज्याकडं द्या. म्या तोडते, ह्यो मोळ्या बांधंल."

बाई उठून घरात गेल्या. आतून भांडं आदळल्याचा आवाज आला. मग आणखी एक. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते आणि हातात चहाचे कप.

माझी बदली विदर्भात झाली. शेवटच्या सकाळी मी निरोप घ्यायला शेडमध्ये गेलो. दुसऱ्या कुठल्या तरी खुनाची बंदूक आली होती. बाई तारेवर पत्रिका टांगत होत्या. एक पत्रिका हातात घेऊन त्या गणपती कापायचा प्रयत्न करत होत्या, पण कात्रीत बोटं बसत नव्हती. सोंडेपाशी कात्री अडकली होती. मला पाहून त्यांनी पत्रिका पुढं केली.

"येवढा कापून दे, मग जा."

मी कापून डब्यात टाकला. गठ्ठ्यातले उरलेलेही कापले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "जा," म्हणाल्या. "झोकांडू नको." मी दारातून वळून पाहिलं तेव्हा त्या पाठमोऱ्या होत्या, तोंडात चिमटा धरून, टाचा उंचावून, कुणाचं तरी लग्न तारेवर टांगत.

मागच्या महिन्यात मी त्यांना पत्र लिहिलं. ते असं:

आदरणीय बाईंना,
दत्ताचा नमस्कार.

माझं लग्न ठरलं आहे. मुलगी कोरेगावचीच आहे, शाळेत शिक्षिका आहे. तुमच्याविषयी तिला सगळं सांगितलं आहे. मामांची पत्रिका काचेखाली आहे, हेही सांगितलं. ती म्हणाली, आपली काचेखाली नको, उपयोगाला येऊ दे. मग हसून म्हणाली, फक्त आधी तुमच्या, म्हणजे माझ्या, नावाला भोक पडू दे. वडिलांना हे पटलेलं नाही. ते म्हणतात, शुभकार्यात असला वेडेपणा नको. आईनं त्यांना गप्प केलं.

इथं मी आता सहायकांना शिकवतो. खणात भोवरा ठेवला आहे. एक मुलगा फार मंद आहे, त्याला रोज सकाळी जुना अहवाल उतरवायला बसवतो.

लिंबाजीकडून निरोप होता. या वर्षी दोघं परत कोरेगावच्या फडात येणार आहेत. कोयत्याला धार लावून घ्यायला सुमन तुमच्याकडं येईल.

पहिली पत्रिका देवापुढं ठेवली. ही दुसरी. बोटांना त्रास नको म्हणून गणपती मीच कापून काढला आहे.

आपला,
दत्ता